तेल लागलेला टोप

मित्रांनो, आता मी कुणाच्या डोक्यावर बसण्याच्या लायकीचा उरलेलो नाही. मी एक जुना विग आहे, माणसाच्या केसांचा टोप. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. तरी सांगतो.

एका मुलीने आपली लांब वेणी कापून दान केली, त्या वेणीपासून मी झालो. कारागीर बाईंनी बारीक आकडीने एकेक केस जाळीला गाठ मारून बसवला. माझा सगळा जीव त्या गाठींत आहे. नंतर मी एका मोठ्या इस्पितळातल्या मागच्या खोलीत आलो. कर्करोगाच्या औषधांनी ज्यांचे केस गळतात, त्यांना तिथे विग वापरायला मिळतात. काम झाले की परत करायचे, म्हणजे ते पुढच्या बाईला देता येतात.

ही खोली वेणीताई सांभाळतात. त्यांचे स्वतःचे केस मुलासारखे आखूड आहेत, म्हणून सगळ्या त्यांना गमतीने वेणीताई म्हणतात. या दुखण्यातून त्याही गेल्या आहेत.

आम्ही विग दोन तऱ्हांनी परत येतो. कधी बाई स्वतः येते, डोक्यावर कोवळे केस घेऊन, हसत. कधी विगचा डबा दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असतो. तेव्हा वेणीताई काही विचारत नाहीत. डबा घेतात आणि पाण्याचा पेला पुढे करतात. म्हणून जिन्यावर पाऊल वाजले की फळीवरचे आम्ही सगळे कान देऊन ऐकत असतो.

माझी शेवटची बाई घड्याळे दुरुस्त करायची. ती आली तेव्हा तिचे निम्मे केस गळून गेले होते.

"आधीच का नाही आलात?" वेणीताईंनी विचारले.

"वाटलं, माझे नाही जायचे."

"सगळ्यांना तसंच वाटतं. मलाही वाटलं होतं." वेणीताईंनी मला तिच्या कपाळाशी चिकटपट्टीने बसवले. "एकच लक्षात ठेवा. याच्या मुळांना तेल लावायचं नाही. गाठी सुटतात, पट्टी निसटते."

ती आरशात बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आईला कळणार नाही ना? माझी ताई याच आजारानं गेली. त्यानंतर आई वर्षभर बोलली नव्हती. या वेळी ती त्यातून बाहेर येणार नाही."

वेणीताईंनी पट्टीची कड पुन्हा एकदा दाबून बसवली.

तिची आई म्हातारी होती. दिसायचे कमी, चालायची काठी टेकत. दर रविवारी लेकीकडे यायची आणि तिला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावायची. ती लहान असल्यापासूनचा हा रिवाज. पहिल्याच रविवारी जिन्यावर काठी वाजली आणि माझ्या गाठी आखडल्या.

"बस अशी. डोकं बघ, नुसता झाडू झालाय."

"आई, आज राहू दे. दुकानात जायचंय."

"घड्याळं कुठे पळून जातायत? बंद पडलेलीच आहेत की."

नाही म्हटले तर आईला संशय येईल, या भीतीने ती बसली. तेल माझ्या जाळीत उतरले. एक गाठ सैल झाली, मग दुसरी. पुढच्या रविवारी आईच्या फणीत केस आले.

"गळतायत गं तुझे केस," आई म्हणाली. "थांब, तेल जास्त लावते."

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर! जितके तेल लागे तितका मी गळायचो, आणि जितका मी गळायचो तितके ती माउली जास्त तेल ओतायची. लेक खाली मान घालून बसायची. तिचा श्वास जोरात चाले आणि आईला वाटे, पोरगी पेंगते आहे.

मग एका रविवारी पट्टी निसटली. मी आईच्या हाताबरोबर मागे सरकलो. तिची बोटे लेकीच्या उघड्या कपाळावर आली, तिथून वर गेली. वर काहीच नव्हते. खोलीत टेबलावरच्या दुरुस्त झालेल्या घड्याळांची टिकटिक तेवढी चालू होती. हात थांबला होता. आता ही बाई गप्प होणार, मला वाटले, आणि या वेळी कायमची.

"कधीपासून?" आईने विचारले.

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"ताईसारखंच?"

"हो."

आईने मला उचलून बाजूला ठेवले. लेकीच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवून ती म्हणाली, "इथे तेल चालतं का?"

"डॉक्टरांना विचारावं लागेल."

"मग विचारू. मी येते." आणि कोरड्या तळव्यानेच ती लेकीचे डोके चोळत राहिली. हात थांबला नाही.

दोघी मला परत घेऊन आल्या. वेणीताईंनी मला उजेडात धरले. माझ्या मधोमध टक्कल पडले होते.

"तेल?"

"माझंच काम," आई म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगायला हवं होतं, आजी. हा गेला आता."

बाकावर एक शाळकरी मुलगी टोपी कानांपर्यंत ओढून बसली होती. मी तिच्यासाठी ठरलो होतो. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि नजर वळवली. वेणीताईंनी पुढे केलेला दुसरा विग घड्याळवाल्या बाईने घेतला नाही. "तो हिला द्या," म्हणाली आणि डोक्याला रुमाल बांधला.

आता मी खिडकीतल्या मातीच्या डोक्यावर असतो. नव्या बायकांना वेणीताई मला दाखवतात: तेल लावलं की असं होतं. लाज वाटते, पण निदान काही उपयोग तरी होतो.

मित्रांनो, कुणाच्या डोक्यावर टोपी, रुमाल किंवा विग दिसला तर गंमत म्हणून ओढू नका, सगळ्यांदेखत विचारू नका. आणि तुमच्या घरात कुणाला काही होत असेल, तर ते प्रेमापोटीसुद्धा लपवू देऊ नका. ज्याला ठाऊक नसते, त्याच्या मायेच्या हातूनही नुकसान होते.

घड्याळवाल्या बाईचा उपचार डॉक्टरांनी वाढवला आहे. दोघी मायलेकी मिळूनच येतात आणि वेणीताईंना भेटून जातात. आधी आईची काठी वाजते, मागून सावकाश लेकीच्या चपला. दर खेपेला चपला थोड्या अधिक मागे पडतात. आज त्यांचा वार आहे. जिन्यावर काठी वाजली आहे. मी चपलांची वाट पाहतो आहे.