तयार व्हायच्या आधी

एप्रिल महिन्यात अठरा दिवस मी 'तयार' हे बटण कॉफी तयार व्हायच्या आधी दाबलं. चुकून नाही, जाणूनबुजून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला बिचारा समजू नये.

चंद्रपुरात तुकूमकडे माझं कॉफीचं दुकान आहे. समोर एक खाजगी दवाखाना, त्याला लागून रक्त तपासायची लॅब, वरच्या माळ्यावर कोचिंग क्लास. त्याआधी बावीस वर्षं मी राजुऱ्याकडे खाणीच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकी होतो. तिथं तेलंगणातले साहेब उतरायचे, त्यांच्यासाठी फिल्टर कॉफी शिकलो. ते काम सुटलं तेव्हा मी आणि बायको गोकुळा, दोघांनी हे दुकान टाकलं. मी शेगडीवर, ती काउंटरवर. शेगडी भिंतीकडे आहे, त्यामुळे माझी लोकांकडे पाठ. नऊ वर्षं मी गिऱ्हाइकं आवाजावरूनच ओळखत होतो.

बोलायचं काम गोकुळाचं. "मास्तर, तुमचं दूध चढलं." "बाई, तुमच्या आधी दोघं हायेत, तिकडं सावलीत बसा." "अजून गाळाची हाय जी, कॉफी हाय का बंदुकीची गोळी?" लोक हसायचे आणि थांबायचे.

मागच्या मे महिन्यात गोकुळा गेली. काविळीचं निमित्त झालं, अकरा दिवसांत सगळं आटोपलं. मुलगी रिंकू सिरोंच्याला दिली आहे, ती महिनाभर राहून परत गेली. मग मी दुकान उघडलं. कॉफी तीच होती, पण लोक खवळायला लागले. पाठीमागून ओरडायचे, "भाऊ, माझं टाकलं का नाई?" मी मान हलवायचो. पाठमोऱ्या माणसाची मान कुणाला दिसणार? काही जण न घेताच निघून जायचे.

दुकानमालकाची मुलगी आचल नागपूरला इंजिनिअरिंग शिकून आली आहे, घरूनच काम करते. ती आमच्या भागातल्या पाच दुकानांसाठी एक ॲप बनवत होती. मोबाइलवरून ऑर्डर द्यायची, आणि ती कुठवर आली तेही मोबाइलवरच पाहायचं. पहिलं दुकान तिनं माझं घेतलं. दोन दिवस ती स्टुलावर वही घेऊन बसली आणि मी काय काय करतो ते घड्याळ लावून लिहीत राहिली.

"काकाजी, दूध ठेवल्यावर काय करता तुम्ही?"

"पाहतो."

"काय पाहता?"

"दूध."

तिनं तेही लिहिलं. मग म्हणाली, "लोकायले थांबायचा राग येत नाई, काकाजी. आपलं कुठवर आलं ते कळत नाई, त्याचा राग येते. आपण फक्त ते सांगाचं."

एवढं तर गोकुळाला न शिकता माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी तिनं कागदावर एकाखाली एक चौकटी काढून आणल्या. त्यात लिहिलं होतं: ऑर्डर प्राप्त झाली. ऑर्डर प्रक्रियेत आहे.

"हे काय तहसील हाय का?" मी म्हणालो. "माणूस कॉफी मागून राह्यला का उत्पन्नाचा दाखला?"

"मग काय लिहू?"

"'बनून राह्यली' लिही."

ती हसली. "पुण्याचा कोणी पाहीन तर हसंल ना, काकाजी."

"पुण्याचा माणूस तुकूमात कॉफी प्याले कशाले येईल?"

तिनं तसंच लिहिलं. 'आली', 'बनून राह्यली', 'तयार'. शेवटच्या चौकटीत, गिऱ्हाइकानं कॉफी उचलल्यावर दाबायच्या, तिनं लिहिलं होतं 'ऑर्डर गेली'.

"गेली नको लिहू," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहून ते खोडलं आणि 'दिली' लिहिलं.

मार्चच्या शेवटी काउंटरवर टॅबलेट बसवला. ऑर्डर आली की वाजायचा. मी घेतली की एक बटण, दूध ठेवलं की दुसरं, कप काउंटरवर ठेवला की 'तयार'. त्या बटणाबरोबर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर घंटी. लोक आपापल्या जागी बसून पाहायचे आणि घंटी वाजली की यायचे. कप उचलायचे, "येतो भाऊ" म्हणायचे, जायचे. पहिल्या आठवड्यात कुणीही खवळलं नाही. एकही कप पडून राहिला नाही. धंदा चांगला झाला आणि दुकानात कुणीच नव्हतं.

आधी ओरडणारी का होईना, माणसं होती. बाकावर बसायची, उन्हाला शिव्या घालायची, काउंटरवरची कोळशाची धूळ बोटानं पुसून एकमेकांना दाखवायची. माझी पाठ त्यांच्याकडे असली तरी कान होते. आता दुपारी बारा ते तीन फक्त टॅबलेट वाजायचा. घरी तर कुणी नव्हतंच. एकदा संध्याकाळी कुलूप लावताना माझ्या लक्षात आलं की दिवसभरात मी "साखर?" याखेरीज एकही शब्द बोललो नाही.

पहिल्या वेळी बटण खरंच चुकून दाबलं गेलं. वरच्या क्लासचे सुरेंद्र मास्तर घंटी ऐकून खाली आले, आणि इकडे दूध अजून थंड. मी ओशाळलो. ते म्हणाले, "राहू द्या भाऊ, थांबतो." आणि थांबले. थांबले तर बोलले. त्यांचा भाऊ आलापल्लीला वनखात्यात आहे, त्याच्या अंगणात पहाटे अस्वल आलं, मोहाची टोपली उपडी करून खाल्ली, आणि भाऊ तासभर संडासात कडी लावून बसला. "बाहेरून बायको ओरडून राह्यली, अहो निघा, ते गेलं. अन् हा आतून म्हणते, त्याले विचार आधी!" मी हसलो. किती महिन्यांनी हसलो ते मला सांगता येणार नाही. दूध उतू गेलं.

दुसऱ्या दिवशी मी चुकून दाबलं नाही.

सगळ्यांना नाही करायचो. घाईत असणाऱ्यांना, लेकरं घेऊन आलेल्यांना नाही. एकटं माणूस असेल, दुपारची वेळ असेल, तर दूध ठेवतानाच 'तयार' दाबायचो. माणूस यायचं, तीन-चार मिनिटं थांबायचं. आता मी शेगडीकडे तोंड करून उभा राहत नव्हतो. वळून उभा राहायला शिकलो. एवढीच माझी चोरी.

लॅबमधल्या कांताबाई रोज एकच्या सुमाराला कॉल्ड कॉफी मागवायच्या. रक्त काढायचं काम त्यांचं. जेवायला वीस मिनिटं सुट्टी. त्यांच्या घंटीला मी सगळ्यांत जास्त घाई करायचो, कारण त्यांच्यासारखं बोलणारं कुणी नव्हतं. "आज एक मिशावाला आला भाऊ, एवढ्या मिशा. सुई पाह्यली अन् धपकन खाली. त्याच्या बायकोनं मले विचारलं, घरी एक न्याले भेटते का सुई?"

एप्रिलच्या शेवटी एके दिवशी पंचेचाळीसच्या वर ऊन होतं. त्यांची ऑर्डर आली. मी 'बनून राह्यली' दाबलं आणि लगेच 'तयार' दाबलं. मिक्सरचं भांडं काढलं आणि लाइट गेली. त्या रस्ता ओलांडून डोक्यावर ओढणी धरून आल्या, घामानं भिजलेल्या.

"द्या भाऊ लवकर, डबा उघडा टाकून आले."

"लाइट गेली, बाई."

"गेली तं गेली. माझी तं तयार हाय ना?"

त्या काउंटरवर वाकल्या. भांडं कोरडं होतं. दुधाची पिशवी अजून फोडलेली नव्हती. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला.

"हे 'तयार' म्हणून राह्यलं. अन् इथी दूध बी नाई ओतलं. म्हणजे रोजचंच हाय काय हे? मले वाटे, रोज चार मिनिटं कशी लागतात तयार कॉफीले." त्यांनी ओढणी पुन्हा डोक्यावर घेतली. "तुमचा मोबाइल खोटा बोलते, भाऊ."

त्या तशाच उन्हात परत गेल्या. मी पिशवी हातात घेऊन उभा राहिलो. लाइट आली तोवर त्यांची सुट्टी संपली होती.

त्याच संध्याकाळी आचल लॅपटॉप घेऊन आली. कांताबाईंनी ॲपवर तक्रार लिहिली होती. 'तयार लिहिते, तयार नसते.' आचल स्टुलावर बसली. आवाज चढवला नाही.

"काकाजी, मले वाटलं माझ्याच प्रोग्राममधी गडबड हाय. दुपारपासून तेच शोधून राह्यली. मग तुमच्या वेळा काढून पाह्यल्या." तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "एरवी 'तयार' झाल्यावर कॉफी माणसाची वाट पाहते. तुमच्याकडं माणूस कॉफीची वाट पाहते. अन् हे पाहा, बनवायला घेतल्यापासून तयार व्हायले दहा सेकंद. दहा सेकंदात कॉल्ड कॉफी कोण बनवते?"

मी कप पुसत होतो, तो पुसत राहिलो.

"सोमवारी बाकीच्या चार दुकानदारांना दाखवायचं हाय. ते पहिलं हेच विचारतील, 'तयार' खरं असते का? काऊन केलं काकाजी?"

"कोणी थांबत नाई," मी म्हणालो.

"थांबू नाई म्हणून तं बनवलं ना हे."

"तेच तं."

तिनं रिकाम्या बाकाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मी बटणाले वेळ लावून देऊ? चार मिनिटं झाल्याशिवाय दबणारच नाई असं?"

"नको. मी बरोबर दाबीन."

"अन् हे अठरा दिवस काढून टाकू यातून? कोणाले दिसणार नाई."

मोह झाला, नाही म्हणत नाही. पण तिनं दोन दिवस इथं बसून माझं दूधसुद्धा लिहून घेतलं होतं.

"राहू दे. सोमवारी सांग त्यायले, का दाबणारा खोटा होता, बटण नाई."

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कॉल्ड कॉफी घेऊन लॅबमध्ये गेलो. कांताबाई डबा खात होत्या. मी कप टेबलावर ठेवला आणि खरं ते सांगितलं, बायको गेल्यापासून बोलायला कुणी नाही तेही. बाकी बोलायला मला येत नाही.

त्यांनी घास गिळला. "म्हणजे मले नुसतं बोलायसाठी उन्हात बोलावलं?"

"हो."

"रोज?"

"हो, बाई."

त्यांनी कप हातानं थोडा सरकवला. मला वाटलं, कप परत देतील. "मले मायबाई, वीस मिनिटं भेटतात," त्या म्हणाल्या. "त्यातली चार तुम्ही घेत होते. मागितली असती तं गोष्ट वेगळी होती." मग त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं आणि पेशंटला हाक मारली. मी परत आलो.

सोमवारी आचलनं दुकानदारांना सगळं सांगितलं. तिघांनी ॲप घेतलं, एक म्हणाला पाहू. मी बटण बरोबर दाबायला लागलो. लोक यायचे, उचलायचे, जायचे. सुरेंद्र मास्तर एकदा म्हणाले, "भाऊ, आता लय फास्ट झाले तुम्ही." मी हो म्हणालो. ते वर निघाले तेव्हा मी म्हणालो, "बसा ना थोडं." माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "बॅच हाय भाऊ," ते म्हणाले आणि जिना चढले. वाईट वाटलं, पण तेवढं नाही. निदान विचारलं होतं.

कांताबाईंची ऑर्डर बारा दिवस आली नाही. मे महिन्यातल्या एका शनिवारी दोन वाजता आली. मी कॉफी बनवली, कप काउंटरवर ठेवला, मग 'तयार' दाबलं. त्या आल्या, कप घेतला आणि बाकावर बसल्या.

"शनिवारी लॅब दोनला बंद होते," त्या म्हणाल्या. मग मोबाइल पाहत बसल्या. बोलायला माणूस हवं म्हणून एवढं केलं, आणि माणूस आलं तर मला काही सुचेना.

मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या बाई कशानं गेल्या, भाऊ?"

वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना विचारायचं कारण नव्हतं, आणि बाकीच्यांना ती होती हेच माहीत नव्हतं. मी सांगायला लागलो. डोळे आधी पिवळे झाले, ते मला दिसले नाहीत, कारण माझी पाठ असायची. ते मास्तरांनी पाहिलं. एवढं सांगून झालं आणि टॅबलेट वाजला. वरच्या क्लासमधून दोन फिल्टर.

मी टॅबलेटकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, थांबता का? हे बनवतो, मग सांगतो. चार मिनिटं लागतील."

त्यांनी मोबाइलमध्ये वेळ पाहिली. "साडेदोनची बस हाय. दहा मिनिटं हायेत. बनवा."

मला बरोबर चार मिनिटं लागली. मग मी पुढचं सांगितलं, दवाखान्यापर्यंतचं. बस आली. त्या उठल्या. माझं सांगणं पूर्ण झालं नाही.