बिनक्लचची पिकअप

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. आधीच सांगते, माझ्याकडून रडारडीची अपेक्षा ठेवू नका. पत्र्याला कितीसं वाटणार? जे घडलं ते सरळ सांगते, त्यातून काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही घ्या. माझा मुक्काम उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका फर्निचरच्या दुकानामागे असतो.

कारखान्यातून आले तेव्हा माझा थाट वेगळा होता. मला क्लच नाही, गिअर माझे मीच बदलते. शेठनी मला हौसेने घेतलं होतं, सुट्टीत पोरांना घेऊन फिरायला. ती हौस दोन पावसाळे टिकली. मग मागच्या हौद्यात कपाटं चढली, शोकेस चढले, आरसे चढले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण ओझ्यासाठीच तर मला बनवलं होतं.

चालवायला किसन आला. अंबरनाथचा, मोरिवलीत राहणारा, उभा जन्म टेम्पो चालवलेला माणूस. पहिल्या दिवशी त्याचा डावा पाय सारखा क्लच शोधत होता. माल चढवणारा कैलास हसून म्हणाला, "काका, डाव्या पायाला रिटायर करा आता." किसनने चप्पल काढून सीटखाली सरकवली. तो कायम अनवाणी चालवायचा. म्हणायचा, चपलेतून गाडी कळत नाही.

आणि त्याला मी कळले. हे जरा समजावून सांगते. चढ लागला की मला खालचा गिअर हवा असतो, नाहीतर दम लागतो. तो कधी घ्यायचा ते मी ठरवते, पण ठरवते चालवणाऱ्याच्या पायावरून. ॲक्सिलरेटर हळूच दाबला तर मी एकच गिअर उतरते, हौद्यातल्या आरशाला पत्ताही लागत नाही. दणकन दाबला तर मला वाटतं, याला घाई आहे. मग मी दोन गिअर खाली येते, इंजिन बोंबलतं आणि अख्खी गाडी उसळी घेते. किसन बदलापूरच्या उड्डाणपुलाचा चढ लागायच्या आधीच पाय नखभर वाढवायचा. बास, तेवढ्यात माझं भागायचं. शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "काच का सामान है तो किसन ही लाएगा." त्या कौतुकावर आम्ही दोघांनी बरीच वर्षं काढली.

मग तो पाय बदलला. गेल्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. कधी जड पडायचा, कधी दाबलेला तसाच राहून जायचा, उचलायचंच विसरल्यासारखा. चढावर मी दोन-दोन गिअर उतरायला लागले. बेलवलीला नेताना एका ड्रेसिंग टेबलाचा आरसा तडकला.

"किसन, गाडी झटका क्यों मार रही है?" शेठनी विचारलं.

"गिअरबॉक्स गया है, सेठ."

झालं, खापर माझ्यावर. मला सुदाम मिस्त्रीच्या गॅरेजात नेलं. त्याने तेल बदललं, कॉम्प्युटर लावून तपासलं, स्वतः चक्कर मारून आला.

"मक्खन चालतेय काका. काहीच प्रॉब्लेम नाही."

"झटका नाही लागला तुला?"

"एक पण नाही."

परतीच्या वाटेवर सिग्नलला थांबलो की किसन खाली आपल्या पायाकडे बघायचा. माझी खात्री आहे, त्याच दिवशी त्याला कळून चुकलं. पण तो कुणापाशी बोलला नाही. पाय गेला म्हटलं की गाडी हातातून जाणार, आणि गाडी सोडून त्याला दुसरं काय येत होतं? त्यानंतर दिवस नुसते येत गेले आणि जात गेले. तो गाणी लावेना, कैलासने थट्टा केली तर चिडेनासुद्धा.

मे महिन्यात एका दुपारी बेलवलीला सोफा पोचवायचा होता. किसनची लेक संध्या तिथेच राहते, म्हणून त्याची बायको द्रौपदी तिला भेटायला माझ्यात बसली. गोदामात लाकडी पेट्या फोडलेल्या, सगळीकडे पट्ट्या पडलेल्या. किसन त्यातूनच अनवाणी चालत आला आणि गाडी काढली. माझ्या ॲक्सिलरेटरवरचं रबर केव्हाच झिजलंय, खाली नुसतं लोखंड आहे. त्यावर काहीतरी वाजलं, टक. परत पाय पडला, परत टक.

"काय वाजतंय हो?" द्रौपदीने विचारलं.

"गिअर. सगळ्यांना सांगून थकलो."

"गिअर तुमच्या पायाखाली असतो का?"

पुढे पूल आला. त्याचा पाय सगळाच्या सगळा दाबला गेला, मी उसळले, आणि पुढचा रिक्षावाला थोडक्यात वाचला.

"गाडी बाजूला घ्या," द्रौपदी म्हणाली.

"कशाला?"

"घ्या म्हणते ना."

पूल उतरल्यावर त्याने मला कडेला उभं केलं. ती उतरून त्याच्या बाजूला आली, दार उघडून त्याचा पाय हातात घेतला. तळव्यात खिळा होता, पार टोपीपर्यंत घुसलेला.

"दुखत नाही तुम्हाला?"

"नाही."

"अहो, खिळा आहे हा."

"दिसतोय ना." तो असा बघत होता, जणू पाय शेजाऱ्याचा आहे.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? काही वाटतच नाही, तर सांगू काय? आधी पायात वाटेना. आता कशातच वाटत नाही, द्रौपदी."

तिने पाय सोडला नाही. एका हाताने कैलासला फोन लावला. तो बाइकवर आला आणि आम्हाला हॉस्पिटलकडे घेऊन निघाला. तोच पूल उलट्या बाजूने आला. कैलासच्या पायात बूट होते, पण त्याने बेताने दाबलं. मी एक गिअर उतरले आणि वर चढले, कुणाला जाणवलंही नाही. किसनला जाणवलं. त्याने डोळे मिटून घेतले.

डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर फार वाढलेली आहे, त्यानेच पाय बधिर झालाय, आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय घोट्यापासून काढावा लागला असता. दोन बोटं कापली, तेवढ्यावर निभावलं.

आता मला कैलास चालवतो. किसन दुकानात बसतो, माल कुणाकडे जायचा ते बघतो. एकदा तो काठी टेकत मागे आला, कैलासला म्हणाला, "जरा स्टार्ट कर." मग दाराशी कसाबसा खाली बसला आणि तळहाताने ॲक्सिलरेटर दाबला. हळू, नखभर. इंजिन तेवढंच बोललं. त्याने परत दाबला.

"हिला काही झालं नव्हतं रे," तो म्हणाला आणि रडायला लागला. कैलास तिथेच उभा राहिला, काकांना उठवायची घाई त्याने केली नाही.

मित्रांनो, माझं काही बिघडलं तर समोर लाल दिवा लागतो. माणसाला तो दिवा नाही. म्हणून आज घरी गेलात की आजोबांचा, बाबांचा, आईचा पाय मांडीवर घ्या. तळव्यावरून बोट फिरवा आणि विचारा, कळतंय का? ते म्हणतील, मला काय झालंय, जा खेळायला. तुम्ही जाऊ नका. परत विचारा.