अंगणात उगवलेला शब्द

मी हिरवळ बोलतेय. अनवाणी पायांखाली मऊ लागते म्हणून मला गरीब समजू नका. डूख धरायला मी नागिणीपेक्षा कमी नाही.

माझा जन्म शेतातला. सतरंजीसारखी गुंडाळून मला ट्रकमधून या घरी आणलं आणि एका बाईनं गुडघे टेकून अंगणात उलगडलं. हिरवळीची निगा राखणाऱ्या कंपनीतली ती माळीण. पहिल्याच दिवशी तिनं मालकाला समजावलं, "दर आठवड्याला कापणी, दोन महिन्यांनी खत. माती तपासायची आणि दबली की भोकं पाडून मोकळी करायची, तेही आमच्याकडे. पाणी मात्र तुम्ही घालायचं, साहेब."

"आणि वाळली तर?"

"आमच्या चुकीनं वाळली, तर कंपनी नवी लावून देते."

एवढं एकच वाक्य त्यानं मनात धरलं.

तीन वर्षं माळणीनं मला पोटच्या पोरीसारखं जपलं. तण ती कधी औषधानं मारायची नाही. बोटं खुपसून मुळासकट उपटायची. मालकाला मात्र नळ सोडायचाही कंटाळा. उन्हाळ्यात मी ठिकठिकाणी पिवळी पडले, आणि कुंपणापलीकडे शेजारणीचं हिरवंगार अंगण बघून त्याच्या पोटात दुखू लागलं.

एका दुपारी तो बाजारातून तणनाशक घेऊन आला. घराच्या बाजूचं माझं अर्धं अंग त्यानं स्वतःच्या हातानं जाळलं. मला ओरडताही येईना.

चार दिवसांनी कंपनीच्या व्यवस्थापकापुढे तो साळसूदपणे म्हणाला, "तुमच्या बाईनं भलतंच औषध मारलं. आता नवी हिरवळ द्या."

"मी औषध हातातसुद्धा धरत नाही हो!" माळीण कळवळून म्हणाली. पण गिऱ्हाईक म्हणजे देव. तिची नोकरी गेली.

अवजारं न्यायला ती आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. रस्त्याकडच्या माझ्या जित्या अंगावर तिनं मुठीमुठीनं खत सोडलं. आधी एक रेघ, मग दुसरी. वर पाणी शिंपडून म्हणाली, "पी बाई पोटभर. बाकीचं तुला कळतंच."

कळत होतं. मी अधाशासारखी प्यायले.

नवी हिरवळ घेऊन ट्रक आला त्या सकाळी माझ्या फिक्या अंगावर गडद हिरवी, पुरुषभर लांबीची अक्षरं तरारली होती: खोटारडा.

"अहो, बाहेर या," शेजारीण कुंपणावरून ओरडली, "दाराबाहेर पाटी लागलीय तुमची!"

मालक धावत आला, पाहून पांढराफटक पडला. "त्या बाईचंच काम हे! पोलिसात जातो मी!"

"जा की," व्यवस्थापक म्हणाला. "पण आधी जळक्या भागातली माती तपासू."

कंपनी कधी वापरतच नाही, असं बाजारातलं विष मातीत निघालं. ट्रक भरलेला होता तसा परत गेला. माळणीला सन्मानानं बोलावणं आलं. ती म्हणाली, "येते. पण त्या घरी पाऊल टाकणार नाही." आता ती शेजारणीकडे येते आणि कुंपणावरून मला डोळे भरून बघते.

मालकानं गवत कापायचं यंत्र फिरवलं. अक्षरं दुप्पट जोमानं फुटली. शेवटी संतापून त्यानं कुदळीनं तेवढीच अक्षरं खणून काढली. वेडाच तो! आता तोच शब्द उघड्या मातीत कोरलाय, समोरच्या गच्चीवरूनही वाचता येतो.

माणसांनो, निगा राखायला जरूर कुणाला बोलवा. पण जो गुडघे टेकून राबतो त्याच्यावर आपलं पाप ढकलू नका.

त्या खळग्यांत पसरून शब्द बुजवायला मला दोन महिने पुरतील. मालक हल्ली रोज पाणी घालतो, हात जोडतो. मी मुळं आखडून बसलेय. मला कसलीही घाई नाही.