लेफ्टहँडांच्या दारातली कॉलेजची व्हॅन

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका कॉलेजची जुनी व्हॅन आहे. म्हाताऱ्या गाड्या आपली हकिगत सांगताना उसासे टाकतात म्हणे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे, आणि इंजिन बंद केलं तरी तो थंड होत नाही.

कारखान्यातून मी थेट मुलींच्या बास्केटबॉल संघाकडे आले. अंगावर निळ्या अक्षरांत कॉलेजचं नाव आणि शेजारी एक गुरगुरणारं अस्वल. सुरुवातीची वर्षं लाडाची गेली. बर्फातून घाट चढून गेले की मुली माझ्या छतावर आतून थापा मारायच्या आणि शाबास म्हणायच्या.

सामन्यांना नेणं आणि विमानतळावरून नव्या खेळाडू आणणं, ही माझी दोन कामं. कॅलिफोर्नियाच्या, टेक्सासच्या मुली आल्या, एकदा तर ऑस्ट्रेलियाचीसुद्धा आली. क्रीडा विभागाचे प्रमुख ब्रेंट कीसलर स्वतः फुगे घेऊन पुढच्या सीटवर बसायचे. वर्षभरात अशा मुलीला मोठ्या कॉलेजचं बोलावणं आलं की मीच तिला परत विमानतळावर सोडायचे. तेव्हा फुगे नसायचे.

आणि त्या विमानतळाच्या रस्त्यावरच अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा राखीव प्रदेश लागतो. तिथं घर कसंही असो, दारात बास्केट असतेच. विजेच्या खांबाला ठोकलेली, गोठ्याच्या भिंतीला लटकवलेली. मला हलवून सोडणाऱ्या वाऱ्यात तिथल्या पोरी चेंडू टाकत असायच्या आणि तो नेमका आत पडायचा. मी हे महामार्गावरून येता-जाता बघत होते. आम्ही तिथं थांबायचो ते फक्त पेट्रोलसाठी. आणि कॉलेजात पोचलो की कीसलर हातातल्या कॉफीवर फुंकर मारत म्हणायचे, "काय करणार हो, आसपास खेळाडूच नाहीत!"

सांगा, राग येणार नाही तर काय होईल?

मग जोलीन टॉर्गर्सन आल्या. नव्या कोच. गव्हाची शेती करणाऱ्या घरातल्या, बोलण्यात फटकळ. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी पेट्रोल पंपापाशी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गावात शिरले. शाळेच्या जिमबाहेर गाड्यांची एवढी गर्दी की मला नाल्याच्या कडेला उभं राहावं लागलं. आतला आरडाओरडा भिंत फोडून बाहेर येत होता. सगळं गाव एकच नाव घेत होतं : रेना! रेना!

सामना संपल्यावर जोलीन रेना लेफ्टहँडच्या घरी गेल्या. रेनाला तिच्या आत्यानं, आर्लिसनं, वाढवलं होतं. आत्या दारातच उभी राहिली. आधी तिनं मला नखशिखांत न्याहाळलं, मग कोचना.

"वाट चुकलात?"

"नाही. रेनासाठी आलेय."

"इतक्या वर्षांत पंक्चर झाल्याशिवाय तुमच्या कॉलेजची गाडी इथं थांबलेली मी पाहिली नाही, म्हणून विचारलं. मीही खेळायचे, बाई. तेव्हा तुमचा एक कोच याच दारात उभा राहून म्हणाला होता, पुढच्या आठवड्यात येतो. तो आठवडा अजून उजाडायचाय."

"तो मी नव्हते."

"गाडी तुमच्याच कॉलेजची होती," आत्या म्हणाली. ती माझ्या आधीची गाडी.

जोलीननी मान खाली घातली. पण त्या निघून गेल्या नाहीत. थंडीत तशाच उभ्या राहिल्या. शेवटी आत्याच म्हणाली, "आत या. सूप आहे. गोठलात तर मलाच उचलावं लागेल."

जेवण झाल्यावर दोघी माझ्यापाशी आल्या, आणि आत्यानं तिची एकच अट सांगितली.

"आमच्यात माणूस गेलं की सगळ्यांनी घरी यायचं असतं. स्वयंपाक असतो, रात्र जागून बसणं असतं, पुरणं असतं, मग आलेल्यांना जेवू घालून वस्तू वाटायच्या असतात. एका दुपारीत उरकत नाही ते. तेव्हा पोरीला अडवायचं नाही."

"नाही अडवणार. शब्द देते."

"तुमचा की कॉलेजचा?"

"दोन्हींचा," जोलीन म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

रेना आली. तिला आणायला फुगे घेऊन कोणी आलं नाही, पण तिला त्याचं काही नव्हतं. ती मागच्या सीटवर पाय पसरून बसायची आणि सगळ्यांची नक्कल करायची. कीसलरांची कॉफी फुंकायची नक्कल तर अशी की हसून हसून कोचना गाडी बाजूला घ्यावी लागली. आणि खेळ! त्या वर्षी आम्ही हरायचं विसरलो. गावातले लोक गाड्या भरभरून यायला लागले, आणि रिकाम्या बाकांची सवय झालेल्या आमच्या जिममध्ये उभं राहायला जागा उरली नाही. कीसलर हात चोळत म्हणायचे, "आपली पोरगी आहे ही, आपल्या मातीतली!"

जानेवारीत रेनाचे काका गेले. जोलीननी तिला मिठी मारली, माझ्यातूनच घरी पोचवलं आणि सांगितलं, "सगळं नीट होऊ दे, मग ये."

ती नसताना आम्ही एक सामना हरलो. एकच. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये, माझ्या बॉनेटला टेकून, कीसलर बोलले. मी शब्दन् शब्द ऐकला.

"मी आधीच म्हणालो होतो. ह्या मुली टिकत नाहीत. घरी गेल्या की गेल्याच."

"तिच्या घरात माणूस गेलंय, ब्रेंट. ती चार दिवसांत येतेय."

"सराव बुडवला, सामना बुडवला. तिनं संघ सोडला असं मी वर कळवून टाकलंय. तिची शिष्यवृत्ती आता दुसऱ्या मुलीला देता येईल."

"सोडला? अहो, मी पाठवलं तिला! आणि ती ऑस्ट्रेलियाची बहिणीच्या लग्नाला दोन आठवडे गेली होती, तेव्हा तुम्ही केक आणला होता!"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? एकदा तोंडानं बोलून दाखवा ना!"

कीसलर माझ्या बॉनेटवर रिकामा कप ठेवून निघून गेले. जोलीन वरच्या साहेबांकडेही गेल्या, भांडल्या, टेबलावर हात आपटून आल्या. काही झालं नाही. रेनाचं सामान वसतिगृहातल्या शिपायांनी कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून माझ्यात टाकलं. तिचे बूटसुद्धा. मित्रांनो, त्या दिवशी मी इतकी जड झाले होते की चढावर मला धाप लागली.

आत्याच्या घरी पोचलो तेव्हा रेना दारातच होती. तिनं पिशव्या पाहिल्या. एकेक पिशवी उचलून आत नेली. आत्या पायरीवर उभी होती.

"दोन्हींचा शब्द होता ना?"

"माझा होता. कॉलेजचा माझ्या हातात नव्हता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मग आता राजीनामा देणार असाल."

"मनात होतं," जोलीन म्हणाल्या. "पण मी गेले तर ही गाडी इकडे वळवणार कोण?"

आत्या आत गेली. दार लागलं.

रेना पुढे शेजारच्या राज्यात खेळायला गेली. तिथं ती खेळते, शिकते, आणि कोणी गेलं की घरी येते. तिला कोणी हाकलत नाही. आमच्याकडे मात्र त्या प्रदेशातली एकही मुलगी आली नाही. कशी येईल? आणि कीसलर आता नव्या पाहुण्यांना सांगतात, "आम्ही बोलावतो हो, त्यांनाच यायचं नसतं!" हे ऐकलं की माझा हॉर्न आपोआप वाजावा असं वाटतं.

जोलीन अजून त्या गावात जातात. हिवाळ्यात दर शुक्रवारी मला घेऊन निघतात, तिकीट काढून सामना बघतात, कोणाकडे काही मागत नाहीत. पहिल्या वर्षी लोक त्यांच्या शेजारची जागा रिकामी सोडायचे. मग एका म्हाताऱ्यानं त्यांना मक्याच्या लाह्या दिल्या. रेनाची धाकटी चुलत बहीण मिका आता तिथं खेळते. ती चेंडू हातात घेते तेव्हा बाहेर नाल्याकाठीही मला कळतं, कारण आतला आवाज एकदम थांबतो.

गेल्या शुक्रवारी सामना सुटल्यावर आर्लिस आत्या माझ्यापाशी आली. काचेवर बोटानं टकटक केली. जोलीननी काच खाली घेतली.

"मिकासाठी येतेस?" आत्यानं विचारलं. पहिल्यांदाच अगं-तुगं केलं तिनं.

"हो."

"ती येणार नाही."

"माहीत आहे."

"तरी येतेस?"

"हो."

आत्यानं हातातलं फडक्यात गुंडाळलेलं तळलेल्या पावाचं गाठोडं खिडकीतून आत दिलं. "पुढच्या वर्षीही ये. त्याच्या पुढच्या वर्षीही ये. मग बघू."

म्हणून, मित्रांनो, माझं एक मागणं आहे. कीसलर मला मोडीत काढायला निघालेत. माझा हीटर चालत नाही, मागचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही, घाटात मी खोकते. मला रंग देऊ नका, धुऊ नका, माझ्याबरोबर फोटोही काढू नका. फक्त तेल बदला आणि चारी टायर चांगले बसवा. मला अजून निदान दोन हिवाळे तिकडे जायचं आहे.