चालीत बसत नाही

जरा पुढे सरकून बसा, मायबाप. गोष्ट लहान आहे, पण मागच्यालाही ऐकू गेली पाहिजे.

म्हातारा शिंपी नळाखाली कढई घासत होता आणि तंद्रीत गात होता. त्याचा लेक दारात बूट काढता काढता थबकला. गाणं भांड्यांच्या साबणाच्या जाहिरातीचं होतं, लेकानंच लिहिलेलं.

"घासतो मी, हासतो मी, हात माझे लोण्यापरी..."

लेकानं लिहिलं होतं, 'घासते मी, हासते मी'. कचेरीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, "नुसतं बायकांनाच का? पुरुषांनाही म्हणू द्या की!" तेव्हा हा ऐटीत म्हणाला होता, "'घासतो' चालीत बसत नाही. आणि दुपारच्या मालिकेपुढे पुरुष बसतो कुठे?" सगळे खो खो हसले होते.

इथे तर अक्षर न् अक्षर बसत होतं.

"आलास? तुझंच गाणं चाललंय बघ," शिंपी म्हणाला. "तुझी आई गेली, तेव्हा तिची मालिका अर्धी राहिली होती. आता मीच बघतो."

त्यानं हात पुसले. बोटांना भेगा पडल्या होत्या. शिलाई मशीनवर रेशमी कापड पडलं होतं, जागोजागी धागे ओढलेलं.

"भेगांत रेशीम अडकतं रे. चांगली गिऱ्हाइकं तुटली."

"मग ही खरखरीत पावडर कशाला? आमचा साबण का नाही आणलात?"

शिंपी ओशाळला. "गेलो होतो. दुकानदार म्हणतो, 'काय मास्तर, बांगड्यापण देऊ का?'"

"त्याचं काय ऐकता, बाबा!"

"त्याचं कुठे ऐकलं? तुझं ऐकलं. तू बायकांचा म्हणून लिहिलंस, म्हटलं पुरुषाच्या कातडीला चालत नसेल. विचार करूनच लिहिलं असशील ना?"

लेक त्या ओढलेल्या धाग्यांकडे बघत राहिला.

"चालतो, बाबा. कुणालाही चालतो."

"मग 'घासतो' का नाही लिहिलंस? बसतं की छान!"

लेकाच्या ओठांवर बैठकीतलं ते वाक्य आलं. त्यानं ते गिळलं, बाह्या सरसावल्या आणि बापापुढची कढई ओढून घेतली.

"द्या इकडे. मी घासतो."

तर मंडळी, दुपारी ते गाणं लागलं, की त्या शिंप्याच्या बोटांची आठवण ठेवा. लेकाला सांगायला नको. त्याला ते गाणं आता पुरतं ऐकवत नाही.