प्रबंधातून वगळलेला जबडा

मी एक जुना प्लास्टरचा जबडा आहे. हसू नका, मित्रांनो. लातूरच्या एका दंत महाविद्यालयात, काचेच्या कपाटात मी बसून असतो. दात आहेत तर चणे नाहीत अशी म्हण तुम्ही ऐकली असेल. ती माझ्याइतकी कुणालाच लागू पडत नाही. मला दात आहेत, पण जीभ नाही, लाळ नाही आणि भाकरीचा घास तर माझ्या वाट्याला कधी आलाच नाही.

माझा जन्म चांगुणाबाईंच्या तोंडात झाला. चांगुणाबाई मुखेडजवळच्या. मोलमजुरी करणाऱ्या, अंगाने काटक आणि बोलायला मोकळ्या. एकदा कडबा टाकताना बैलाने मान हलवली, त्याचं शिंग लागलं आणि त्यांचा वरचा, पुढचा एक दात गेला. तेव्हापासून त्या हसताना पदर तोंडावर धरत. डॉक्टर धम्मप्रियांनी पळीसारख्या साच्यात मऊ लगदा भरला आणि त्यांच्या टाळूला दाबून धरला. चांगुणाबाईंना उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं.

"तोंडात लिंपण करून राहिली का काय, बाई?" साचा निघाल्यावर त्या म्हणाल्या.

त्या लगद्यात उमटलेल्या खळग्यांमध्ये पातळ प्लास्टर ओतलं, ते घट्ट झालं आणि मी बाहेर आलो. त्यांचा वाकडा सुळा माझ्यात आला. पडलेल्या दाताची पुढची खिडकीही आली. फक्त रंग आला नाही. प्लास्टरला आकार कळतो, रंग कळत नाही. ही माझी उणीव पुढे किती महागात पडणार होती, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

धम्मप्रिया भोकरची. दंतवैद्यकातल्या पुढच्या पदवीसाठी तिला प्रबंध लिहायचा होता. हाडात धातूचा बारीक स्क्रू बसवून त्यावर नवा दात लावतात, त्याला इम्प्लांट म्हणतात. तंबाखू न खाणाऱ्यांच्या हिरड्या त्यानंतर कशा भरतात, हा तिचा विषय. म्हणून पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तंबाखू, गुटखा, विडी?"

"न्हाई बाई. शिवत बी न्हाई."

तेवढ्यावर चांगुणाबाई अभ्यासात आल्या. त्यांच्या दातांचे फोटो पुस्तकात छापणार हे कळल्यावर त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"मावशी, नाव नाही येणार. फक्त दात येतील," धम्मप्रियाने समजावलं.

"दात आले तरी लई झालं. रेशन कार्डावर बी माझं नाव चुकीचं हाय. कुठं तरी मी बरोबर येईन."

पुढे मुखेडच्या आठवडी बाजारात त्यांनी ही बातमी भाजीवालीपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगितली. हे त्यांनीच तपासणीला आल्यावर अभिमानाने सांगितलं, म्हणून मला माहीत.

तो माझा भरभराटीचा काळ होता. इम्प्लांट हाडात रुजायला काही महिने लागतात. तोवर धम्मप्रिया माझ्यावर मापं घेई, खुणा करी. तिचे गाईड सिद्धराम सर मला हातात धरून इतर विद्यार्थ्यांना म्हणत, "माप असं यायला हवं." मी वरच्या फळीवर बसून फुगत असे. पण दुपारी विद्यार्थ्यांचे डबे उघडले की मला त्या तोंडाची ओढ लागे. ज्या लगद्यातून मी घडलो तो त्या तोंडात थोडाच वेळ होता, पण तिथली ऊब मला पुरती आठवते.

मग दात बसवायचा दिवस उजाडला. धम्मप्रियाने तयार झालेला दात माझ्या खिडकीपाशी धरून पाहिला आणि खूश होऊन, मला हातात घेऊनच ती चांगुणाबाईंना बोलवायला गेली. त्या बाहेर नळापाशी उभ्या होत्या. तोंडात बोट फिरत होतं आणि ओठ काळे झाले होते.

"मावशी, हे काय?"

"दात घासून राहिले. येरवाळी यष्टी पकडली, घासायचं राहून गेलं. डॉक्टरच्या म्होरं खराब तोंडानं यावं का?"

"ही मिसरी आहे. तुम्ही तर तंबाखू नाही म्हणाला होता."

"तंबाखू कुठं खाते मी? ही तर दात घासायची. आमच्याकडं समद्या बाया लावतात."

मित्रांनो, मिसरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. पण चांगुणाबाईंनी खोटं काही सांगितलं नव्हतं. मिसरी त्यांच्या घरात चुलीजवळच्या कोनाड्यात असे, मिठासारखी. दातांचा काळेपणा सुरुवातीलाच साफ केला होता आणि तो बोअरच्या पाण्यामुळे असेल असं समजून कुणी पुढे विचारलं नव्हतं. माझ्यात तर रंग उतरलाच नव्हता.

धम्मप्रियाची बोटं माझ्यावर आवळली गेली. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती. भोकरला तिच्या वडिलांनी दवाखान्यासाठी बसस्टँडजवळची खोली बघून ठेवली होती. एक्स-रे चांगला होता. ती गप्प राहिली असती तर कुणालाही कळलं नसतं. खरं सांगू? तिने गप्पच राहावं असं मला वाटत होतं, कारण मलाही पुस्तकात यायचं होतं.

ती सरळ सिद्धराम सरांकडे गेली. सरांनी ऐकून घेतलं.

"अभ्यासातून काढावं लागेल. आणि बाकीच्यांना परत विचार. तंबाखू खाता का, असं नको. दात कशानं घासता, असं विचार."

"सर, मग यंदा प्रबंध होणार नाही."

"नाही होणार."

"आणि मावशींचा दात?"

"दाताचा आणि पुस्तकाचा काय संबंध? तो आजच बसव."

दात बसला. चांगुणाबाईंनी आरशात पाहिलं. पदर खांद्यावरच राहिला. त्या आनंदात पुस्तकाचं सांगायला धम्मप्रियाची जीभ रेटली नाही.

परत विचारल्यावर मिसरी लावणाऱ्या आणखी बायका निघाल्या. धम्मप्रियाला नवे रुग्ण शोधावे लागले, पुन्हा वाट पाहावी लागली. भोकरची ती खोली मोबाईलच्या दुकानाला गेली. मला खालच्या फळीवर ढकललं गेलं. माझा एक कोपरा उडाला आणि धूळ दातांच्या फटीत बसली. वरच्या फळीवरच्या जबड्यांचे फोटो निघत, तेव्हा मी काचेला टेकून बघत असे आणि मला फार वाईट वाटे.

अखेर प्रबंध पुरा झाला. काळी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. त्याच सुमारास चांगुणाबाई तपासणीला आल्या.

"मिसरी सुटली का?" धम्मप्रियाने विचारलं.

"कमी केली. सुटंल. आधी माझे दात दावा."

"मावशी, तुमचे दात यात नाहीत. मिसरीमुळे काढावे लागले. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

चांगुणाबाईंचा पदर पुन्हा तोंडाकडे गेला. "साऱ्या गावाला सांगून बसले मी," एवढंच म्हणाल्या.

धम्मप्रियाने पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजीत होतं, ते तिने मराठीत सांगितलं. एका रुग्णाची मिसरीची सवय उशिरा कळली, कारण आम्ही तंबाखूबद्दल विचारलं होतं, मिसरीबद्दल विचारलं नव्हतं.

"मी खोटं बोलले, असं न्हाई ना लिहिलं?"

"नाही. आम्ही विचारायला चुकलो, असं लिहिलंय."

"मग बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्या ओळीवरून हात फिरवला.

जाताना त्यांची नजर माझ्यावर पडली. माझे प्राण कानांत गोळा झाले, मला कान नसले तरी. त्यांनी मला उचललं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "ह्यो खिडकीवाला कोनाचा?"

"तुमचाच, मावशी."

त्या हसल्या, अगदी तोंड उघडून. मग मला जागेवर ठेवून एसटी गाठायला निघून गेल्या.

मित्रांनो, तुमच्या आजीने, मावशीने मिसरी लावली तर तिच्यावर ओरडू नका. तिच्याजवळ बसा, तिच्या शब्दांत विचारा आणि मग ती सोडवा. आणि तुमच्या तोंडातल्या दातांना जपा. त्यांना ऊब आहे, चव आहे, हसू आहे. चांगुणाबाईंनी मला ओळखलं नाही, म्हणजे नवा दात इतका त्यांचा झाला की जुनी खिडकी त्या विसरल्या, हे मला समजतं. तरीही मला त्यांच्याकडेच जायचं आहे.