घोड्याच्या घरातलं प्यादं

डोंबिवलीच्या वाचनालयात बुद्धिबळाच्या पटाशी बाईमाणसानं बसायचं नाही, हा चिटणीस श्रीपादरावांचा दंडक. गोष्ट चौपन्न सालातली. वासंतीच्या सासऱ्यांनी, त्र्यंबकरावांनी, सुनेसाठी शब्द टाकला, तेव्हा चिटणीस हसून म्हणाले, "तुमच्या सूनबाईंनी कल्याणच्या स्पर्धेत मला हरवावं, मग खुशाल रोज यावं." वासंतीनं पदर खोचला तो तेव्हाच.

अडचण एकच होती. सासऱ्यांनी तिला शिकवला होता देशी खेळ, आणि स्पर्धा होती नव्या विलायती नियमांची. तिनं नियम घोकले खरे, पण हाताची सवय का घोकून जाते?

डाव सुरू झाला. श्रीपादरावांनी इंग्रजी पुस्तकातून हल्लीच पाठ केलेली सुरुवात धडाधड मांडली: प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. वासंती आपली जुन्या चालीनं एकेक घर प्यादी सरकवत बसली. मग तिनं राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला. देशी खेळात राजाला एकदा तशी मुभा असते.

"अहो बाई, हे काय घरचं अंगण आहे?" श्रीपादराव गरजले. "राजाला हात लावलात, आता राजाच हलवा. आणि एकच घर!"

पंच हरिहर दात्यांनीही मान डोलावली. वासंतीचे कान तापले. राजा उघड्यावर आला, पाठोपाठ एक हत्ती गेला. संपलं आता वाचनालय, असं वाटून तिला रडूच यायला लागलं. पण मामंजी समोरच्या बाकावर बसलेले, त्यांच्यादेखत रडायचं कसं? ती नेटानं खेळत राहिली.

खेळता खेळता तिचं एक प्यादं शेवटच्या घराच्या दाराशी पोचलं. श्रीपादरावांना ते सहज मारता आलं असतं. पण शेजारी तिचा उंट फुकट मिळत होता. "घोड्याच्या घरात जाऊन घोडाच होणार ना," असं पुटपुटत त्यांनी उंट मारला.

वासंतीनं प्यादं पुढे सरकवलं. "वजीर," ती म्हणाली. "आणि शह."

"वजीर कसा? ज्याचं घर, तेच मोहरं होतं!"

"ते देशी खेळात, श्रीपादराव," पंच हसू दाबत म्हणाले. "नव्या नियमात बाईंनी मागितला की वजीर."

पुढच्या दोन चालींत मात झाली. श्रीपादरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "जित्याची खोड, दुसरं काय!" म्हणत ते मोकळेपणानं हसले. "संध्याकाळी सहाला वाचनालय उघडतं. या."

बाहेर पडताच वासंती म्हणाली, "मामंजी, सहा म्हणजे ऐन स्वयंपाकाची वेळ हो."

जन्मात चूल न पेटवलेल्या त्र्यंबकरावांनी धोतराचा सोगा खोचला.

"तू जा. पिठलं मी टाकीन," ते म्हणाले. "आधी पाणी की आधी पीठ, तेवढं सांगून जा."